चौथ्याची जागा

डार्मश्टाटच्या माझ्या खोलीत भिंतीवर एक फोटो होता. पुढचं सगळं लचांड त्या फोटोपासून सुरू झालं. दोन्ही बाजूंना आभाळाला भिडलेले उभे कडे आणि मधे चिंचोळी नदी. माणूस नाही, झाड नाही, पाखरू नाही. बघितला की घशाला कोरड पडायची. पहिले काही महिने मी त्यावर सरळ टॉवेल वाळत घालत होतो.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. कोयनेच्या धरणावर दोन-तीन वर्षं काढून मी तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पाण्याच्या प्रवाहावर डॉक्टरेट करायला आलो होतो. घर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं युद्धात बॉम्बने नेलं होतं. माझ्या खोलीसमोरच्या भिंतीत एक दार होतं, खिळे ठोकून बंद केलेलं, कारण त्याच्या पलीकडे काहीच नव्हतं, थेट हवा. वारा सुटला की ते दार आतल्या आत कण्हायचं. भाडं कमी का आहे ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

घरमालकीण साठीची, उंच, पाठीत कधी वाक म्हणून नाही. बोलणं मोजकं, पण नळ टपकता राहिला की असा पट्टा सुटायचा की माझा मराठी मित्र आणि मी तिला आपापसात आत्याबाई म्हणायला लागलो. ती मला कायम ‘हेर इंजिनिअर’, म्हणजे इंजिनिअरसाहेब, म्हणायची. खोली दाखवताना म्हणाली होती, “ही माझ्या भावाची. तो उंटरवेग्स आहे.” म्हणजे वाटेत आहे. मी समजलो, असेल बुवा कुठे परदेशी नोकरीला. असली चौकशी करण्याइतकं माझं जर्मन तेव्हा नव्हतंच.

मित्र अमरावतीचा, रसायनशास्त्रात संशोधन करणारा. त्याला आपण वऱ्हाडी म्हणू. दर रविवारी दुपारी तो माझ्याकडे यायचा, कारण आत्याबाई रविवारी केक करायची. एकदा त्याच्यामागून युनिव्हर्सिटीतला एक जर्मन मुलगा आला, भूगर्भशास्त्राचा, ताडमाड उंच. लहानपणापासून आल्प्सच्या नद्यांत होड्या हाकलेला. त्याने माझा टॉवेल बाजूला केला, फोटोकडे बघितलं आणि बघतच राहिला.

“ही कुठली नदी?”

मी खांदे उडवले. आत्याबाई ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने नदीचं नाव सांगितलं. इराणातली, ओसाड वाळवंटी डोंगरांतून कातळ चिरत जाणारी. फोटो तिच्या भावाने काढलेला. तिकडे रेल्वे बांधायला जर्मन लोक गेले होते, त्यांत तो मोजणीदार होता. एवढं सांगून तिने ट्रे ठेवला आणि गेली. नदीचं नाव मी इथे लिहीत नाही. आम्हीही नंतर तिला नुसतं ‘ती’ म्हणायचो. का, ते विचारू नका, तशी सवय लागली खरी.

पुढच्या रविवारी भूगर्भवाला नकाशे घेऊन हजर. बेत असा: जुनी डबा-गाडी घ्यायची, युगोस्लाव्हिया-तुर्कस्तान करत इराण गाठायचं, आणि रबरी तराफ्यावरून त्या दरीतून खाली उतरायचं. त्याला कातळ बघायचे होते. मला असलं उसळतं पाणी एकदा अंगावर घ्यायचं होतं. सगळा जन्म काय टाकीतलं पाणी मोजत बसायचं? वऱ्हाडी म्हणाला, “मले पोयता येत नाई, पण तुमी दोघं जाऊन रायले तर मी काय हितं बटाटे सोलू?” झालं, ठरलं. घाई एवढ्यासाठी की खालच्या अंगाला त्या नदीवर धरण चाललं होतं. त्याचे दरवाजे पडून पाणी अडलं की दरी पाण्याखाली जाणार. धरणवाल्याने धरणाच्या आधी पोचण्यासाठी धडपड करायची, यावरून दोघांनी माझी भरपूर फिरकी घेतली.

त्या दिवसापासून आत्याबाई बदलली. आपणहून म्हणाली, वरचा कपडे वाळवायचा माळा वापरा, मोठा आहे. कॉफी खरी, दाण्यांची, एरवी ती आम्हाला चिकोरीचं काळं पाणी द्यायची. आणि टेबलावर कप चार. मला वाटलं चौथा तिचा. पण ती चारही भरायची, आणि स्वतः मात्र स्वयंपाकघरात उभ्याने आपल्या मगातून प्यायची.

मला तर ते बरंच वाटलं. आमच्या वाईच्या घरात तिघांनी मिळून कुठल्या कामाला निघणं म्हणजे आईच्या कपाळाला आठी. तीन तिगाडा, काम बिगाडा. निघावंच लागलं तर चौथा म्हणून खिशात सुपारी नाहीतर खडा घ्यायचा. आणि आईचं म्हणणं असं, की नुसता खिशात कोंबून भागत नाही. एकदा चौथा म्हटलं की तो माणूस. त्याला वाटेत टाकायचं नाही, विसरायचं नाही, आपल्याबरोबर घरी परत आणायचं. मला बोटीवर सोडायला वडील आणि काका मुंबईला आले होते, तेव्हा आम्ही तिघंच होतो म्हणून तिने माझ्या खिशात सुपारी घातली होती. ती माझ्या टेबलाच्या खणात होती.

तर बेत पक्का झाल्यावर मी सुपारी काढायला खण उघडला. नाही. वऱ्हाड्याकडे बघितलं तर तो खिडकीबाहेर बघायला लागला.

“अबे, एवढ्या दूर सुपारी मियते का? मी म्हटलं, पडून रायली हाये…”

“मेल्या! चौथा खाल्लास तू?”

“अर्धाच. अर्धा मागच्या महिन्यात खाल्ला होता.”

मी इतका भडकलो की भूगर्भवाला मधे पडला. त्याला सगळं समजावून सांगितलं, तर तो हसून हसून पलंगावर आडवा. मग म्हणाला, आल्झो, म्हणजे बरं तर, चौथा पाहिजेच तर दुसरा घ्या. मी इकडेतिकडे बघितलं. खिडकीच्या कट्ट्यावर, काचेला टेकून, एक लाल दगड होता. अक्रोडाएवढा, गुळगुळीत. खोली घेतली तेव्हापासून तिथेच होता, मी त्याने खिडकी अडवायचो. तो उचलला, त्याला कॉफीचा थेंब लावला आणि म्हटलं, “या साहेब, आजपासून तुम्ही आमच्यात.” हसण्यावारी नेली गोष्ट.

आमच्या प्रयोगशाळेची एक रीत असते. नदीवर काही करायचं तर आधी तिचं छोटं रूप बांधायचं, त्यात पाणी सोडायचं आणि बघायचं. मी माळ्यावर तेच केलं. जस्ताच्या पत्र्याचा लांब पन्हाळ, त्यात वाळू आणि प्लास्टर. भूगर्भवाल्याच्या नकाशावरून दरीचं एकेक वळण हाताने घडवलं. सगळ्यांत वाईट जागेला आम्ही ‘गुडघा’ म्हणायचो. तिथे नदी एकदम काटकोनात वळते आणि डावीकडच्या कातळाखाली पाणी आत शिरतं. बुचाची बोट केली, तिच्यात तीन माणसं म्हणून गळाला लावायचे शिशाचे तीन गोळे. वरून झारीने पाणी.

बोट गुडघ्यापर्यंत छान यायची. तिथे डावीकडे ओढली जायची, उलटायची आणि कातळाखालच्या भोवऱ्यात गोल गोल फिरत राहायची. दर वेळी. मी वाळू सारखी केली, पाणी कमी केलं, वाढवलं. काही फरक नाही. शेवटी वऱ्हाडी म्हणाला, “राजा, तुझ्या चौथ्याले बसवून पाय ना.” मी लाल दगड मागच्या बाजूला ठेवला. बोट गुडघ्याशी आली, जराशी कलली, आणि सुळकन वळण घेऊन खालच्या टबात गेली.

त्यात भुताचं काय डोंबल? मागे वजन पडलं की बोटीचं तोंड उचललं जातं, साधं गणित आहे. मी दोघांना तसं ऐकवलंही. मग गणित सिद्ध करायचं म्हणून दगडाच्या वजनाएवढं शिसं तोलून घेतलं आणि दगडाच्या जागी ते ठेवलं. बोट उलटली. पुन्हा शिसं, पुन्हा उलटली. दगड ठेवला, पार. माळ्यावर भर दुपारी ऊन होतं, दोरीवर तिच्या पांढऱ्या चादरी होत्या, आणि माझ्या मानेवर काटा आला होता.

तेवढ्यात आत्याबाई ओले कपडे घेऊन वर आली. चादर बाजूला सारून पन्हाळाजवळ आली, आणि टबातल्या बोटीकडे बघून थांबली. दगड ओला झाल्यामुळे गडद लाल दिसत होता.

“त्याला बोटीत कुणी बसवलं?” ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता, तरी मी चटकन उभा राहिलो. मला वाटलं न विचारता तिची वस्तू घेतली म्हणून आता पट्टा सुटणार. मी आपलं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आमची रीत सांगितली. आम्ही तिघं, तिघांनी निघायचं नसतं, म्हणून हा चौथा. त्याला माणूस धरायचं. ती सगळं नीट ऐकत होती. वऱ्हाड्याने खाल्लेल्या सुपारीचं सांगितलं तरी हसली नाही.

“आणि चौथा परत येतो?” तिने विचारलं.

“यावंच लागतं,” मी म्हणालो. “त्याला वाटेत सोडायचंच नसतं. आम्ही घरी येणार तर तोही घरी येणार.”

“गेनाऊ,” ती म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. कपड्यांची टोपली तिथेच ठेवून खाली निघून गेली.

त्या रविवारी ती पहिल्यांदा टेबलाजवळ थांबली. बसली नाही, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि बोलली. भाऊ आणि त्याचे दोन सोबती, रेल्वेतलेच, सुट्टीत घडीच्या होडीतून त्या दरीत उतरले होते. एका काटकोनी वळणावर होडी डावीकडे ओढली गेली. दोघे खाली कुठेतरी काठाला लागले. ते त्या वळणापाशी थांबून राहिले, हाका मारत राहिले. पाण्याने ना होडी परत दिली ना माणूस. युद्धाच्या आधीची गोष्ट. फोटो छावणीत राहिलेल्या त्याच्या सामानात होता. शेवटी निघताना दोघांपैकी एकाने जिथे ते थांबले होते तिथला एक दगड उचलला आणि तिला आणून दिला, कारण द्यायला दुसरं काही नव्हतंच.

“ते तिघंच होते,” ती माझ्याकडे बघून म्हणाली. “त्यांना तुमची रीत माहीत नव्हती.”

भूगर्भवाल्याने समोरचे नकाशे गुंडाळून ठेवले. वऱ्हाड्याने खाली बघत केक बारीक बारीक कुस्करला. मी म्हणायला हवं होतं की बाई, ही आमची गंमत आहे, एका म्हातारीची समजूत आहे. पण ती समजूत माझ्या आईची. तिला खोटं म्हणायला माझी जीभ रेटेना.

त्यानंतर दगड खिडकीत दिसला नाही. रविवारी चौथ्या बशीत, कपाशेजारी, चमच्याच्या जागी असायचा.

चौथ्या कपातली कॉफी दर वेळी संपलेली असायची हे आमच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मला वाटायचं वऱ्हाडी पितो. विचारल्यावर त्याने कबूलही केलं, “फुकट जाते म्हणून दोनदा पेलो, बाप्पा. त्याच्यावर नाई.” भूगर्भवाल्याने शपथ घेतली. मग आम्ही ठरवून एका रविवारी त्या कपावर पहारा केला. टेबल सोडलंच नाही. कप भरलेला तो भरलेलाच. आमचा जीव भांड्यात पडला. आत्याबाई आवरायला आली, भरलेला कप उचलला, आत डोकावली.

“आज त्याला तहान नाही,” ती म्हणाली, आणि कॉफी बेसिनमध्ये ओतून टाकली.

अमेरिकन फौजेच्या जुन्या सामानातून आम्ही तराफा मिळवला होता, काळ्या रबराचा, जाड. थंडी पडायच्या आत त्याची एक चाचणी घ्यायची म्हणून ऱ्हाईनच्या जुन्या, संथ फाट्यावर गेलो. दगड मी मुद्दाम घरी ठेवला होता. सकाळभर धुकं. वल्ही मारली की आपल्याच वल्ह्याचा आवाज मागून पुन्हा यायचा. भूगर्भवाला म्हणाला, धुक्यात असं होतं. पण तराफा मागच्या उजव्या कोपऱ्यात दबलेला होता, आणि तिथे कुणी नव्हतं. हवा कमी असेल म्हणून मी हात लावून बघितला. टणक होता.

दुपारी काठावरच्या खानावळीत शिरलो. गारठलो होतो. मालकिणीने खिडकीतून आम्हाला येताना बघितलं असावं, कारण न विचारता तिने सूपचे वाडगे आणून मांडले. चार.

“चौथे साहेब होडी बांधतायत का?” तिने विचारलं. “सांगा त्यांना, गार होईल.”

वऱ्हाडी उठलाच. बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. मी मागे गेलो तर त्याचे ओठ पांढरे. “हे पाय,” तो म्हणाला, “मी सुपारी खाल्ली, चुकलं माझं. पण मले हा चौथा नाई पायजे. मी येत नाई.” मी त्याला भित्रा म्हटलं, अमरावतीचा वाघ म्हटलं, काय काय म्हटलं. खरं तर मीही घाबरलो होतो, म्हणूनच जास्त बोलत होतो. भूगर्भवाला एकटा आत बसून शांतपणे सूप पीत होता. चौथ्या वाडग्यातलं सूप मात्र त्याने आपल्यात ओतून घेतलं होतं आणि तो वाडगा उलटा करून ठेवला होता.

वऱ्हाड्याची समजूत आम्ही हळूहळू काढली. पण घरी वेगळंच सुरू झालं होतं. आत्याबाई एक दिवस मला म्हणाली, “हेर इंजिनिअर, तुम्ही परत आलात की मला ही खोली लागेल. मागची लहान खोली तुमच्यासाठी आवरते. भाडं अर्धं.” मी ‘या, या’, म्हणजे हो हो, म्हणत मान हलवली आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती पेटीतून भावाचे कपडे काढून उन्हाला टाकायला लागली. त्याचा जाडजूड राखाडी स्वेटर धुतला आणि माळ्यावर वाळत घातला, नेमका आमच्या पन्हाळावर. मी वर गेलो तेव्हा त्याच्या बाहीतून पाणी टपटप दरीत पडत होतं, आणि बुचाची बोट, रिकामी, आपली आपण गुडघ्याकडे चालली होती.

कोयनेला असताना मी एक म्हातारी बघितली होती. गाव पाण्याखाली जाणार, बैलगाड्या भरलेल्या, आणि ही अंगण सारवतेय. सून ओरडली, “अहो आत्या, कुणासाठी सारवता? चला.” म्हातारी म्हणाली, येणाऱ्याला बरं वाटावं. तेव्हा आम्ही पोरं पोरं हसलो होतो. आता स्वेटरखाली उभा राहून मला ते आठवलं, आणि हसू आलं नाही. ही बाई ज्याची वाट बघतेय त्याला आणतो असं मी तिला सांगून बसलोय. यावंच लागतं, असं म्हणालोय. वसंतात आम्ही दगड खिशात घालून जाणार, आणि दगडच घेऊन परत येणार. मग हिने काय करायचं?

मी ठरवलं, जायचं नाही. दुसऱ्या दिवशी ठरवलं, जायचं. असं तळ्यात-मळ्यात करत हिवाळा गेला.

मग एका शनिवारी सकाळी भूगर्भवाला जिना धावत चढत आला. दम लागलेला, टोपी हातात. धरणाचे दरवाजे पडले होते, आमच्या अंदाजाच्या पुष्कळ आधी. पाणी चढत होतं. तो म्हणाला, गुडघा बुडालाच असेल, आपण पोचेपर्यंत तिथे तळं असेल. बेत संपला. तो पलंगावर बसला आणि डोळे पुसायला लागला. एवढा मोठा बाप्या! मला मात्र, खोटं कशाला सांगू, आधी सुटल्यासारखं वाटलं. आणि लगेच आठवलं, तिला सांगायचं राहिलंय.

“तू सांग,” भूगर्भवाला म्हणाला. “धरणं तुझ्या खात्यातली.”

ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी दारात उभा राहून सांगितलं. बेत रद्द, आम्ही जात नाही. ती सुरी थांबवून ऐकत राहिली.

“वळणावर किती पाणी येईल?”

“खूप. कड्याच्या अर्ध्यावर. वरून बघितलं तर वळण कळणारही नाही.”

“आणि ते ओढणारं पाणी? कातळाखालचं?”

“ते राहत नाही,” मी म्हणालो. हे मला पक्कं माहीत होतं, हेच मी शिकत होतो. “पाणी उभं राहिलं की ओढ संपते. भोवरा नाही, आवाज नाही. बोडनसे तळ्यासारखं सपाट.”

“आवाजही नाही?”

“नाही.”

तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. मग म्हणाली, “म्हणजे आता त्याला कुणी धरून ठेवलेलं नाही.” आणि हात पुसत मला म्हणाली, “खोली आजच लागेल, हेर इंजिनिअर. तुमचं सामान हलवू या.”

मी सामान हलवलं. तिने पलंगावर धुवट चादरी घातल्या, फुगीर पांघरूण झटकलं, उशी दोनदा थोपटली. खिडकी सताड उघडली. समोरच्या त्या खिळे ठोकलेल्या दाराशी गेली, आणि पक्कड मागितली. मी म्हणालो, बाई, त्या दारापलीकडे काही नाही, पडाल. ती म्हणाली, मला माहीत आहे, मी तिथे राहत होते. खिळे मीच उपटून दिले. दार किलकिलं झालं तेवढंच तिने ठेवलं.

रविवारी मला जाग आली ती शांततेने. रोज पहाटे तिची भांडी वाजायची, चुलीचं झाकण वाजायचं. आज काही नाही. स्वयंपाकघरात चूल गार. तिच्या खोलीचं दार उघडं, अंथरूण न मोडलेलं. ते वाऱ्याचं दार किलकिलं तसंच, आणि पहिल्यांदाच ते कण्हत नव्हतं. माझ्या जुन्या खोलीचं दार मात्र बंद.

मी टकटक केली. हाक मारली. शेवटी हलकेच लोटलं.

पलंगावर कुणीतरी होतं. भिंतीकडे तोंड करून, पांघरूण कानापर्यंत, राखाडी बाहीतला हात बाहेर. खरंच सांगतो, त्या क्षणी मी धरणवाला नव्हतो, इंजिनिअर नव्हतो, कुणी नव्हतो. मग पांढरे केस दिसले. तीच होती, भावाचा स्वेटर अंगात घालून. हाताची मूठ वळलेली, आणि चेहरा असा की मला वाटलं, गेली. मी वाकून नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. गाढ, संथ, थोडी घोरतही होती. सकाळ उजाडून ऊन पलंगावर आलं तरी आत्याबाई झोपलेली, असं या घरात कधी घडलं नव्हतं.

मागून जिन्यावर वऱ्हाड्याचे बूट धाडधाड वाजले. त्याच्यामागे भूगर्भवाला. “काय झालं बे?” वऱ्हाडी दारातून ओरडला.

“हळू बोल,” मी म्हणालो. “आलाय तो घरी.”

हे मी का म्हणालो, मला ठाऊक नाही. पण वऱ्हाड्याने बूट काढून हातात घेतले, आणि भूगर्भवाल्याने डोक्यावरची टोपी काढली.

दुपारपर्यंत आम्ही तिघं मांजराच्या पावलांनी वावरलो. केक नव्हता, वऱ्हाड्याने कुठून तरी अक्रोड आणले होते. कॉफी मी केली. टेबल मांडताना आधी तीनच कप काढले. मग मी चार कप ठेवले, रोजच्यासारखे, आणि चारही भरले. चौथ्या खुर्चीकडे बघायचं आम्ही टाळत होतो.

दार वाजलं. आत्याबाई आली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी, स्वेटरच्या बाह्या बोटांच्याही खाली. तिने टेबलाकडे बघितलं, कप बघितले. मग चौथी खुर्ची ओढली आणि बसली. त्या घरात तिला आमच्यात बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. तिने कप उचलून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“पाणचट केलीय,” ती म्हणाली.

वऱ्हाडी फिस्सकन हसला आणि हसता हसता रडायलाच लागला. तिने त्याच्याकडे बघितलं, मूठ उघडली, लाल दगड टेबलावर ठेवला. मग अक्रोडांची बशी जवळ ओढली, एक अक्रोड घेतला, आणि त्याच दगडाने फोडला. पहिला वऱ्हाड्याला दिला, मग भूगर्भवाल्याला, मग मला. चौथा फोडून स्वतः खाल्ला.